मुंबईत लग्नाला चाललो, आधी चार दिवस मोकळे : संग्रहालयं, लेणी, जुन्या इमारती काय पाहाव्यात?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. साळ्याच्या मुलीचं लग्न आहे कल्याणला, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्वेशन झालंय. रविवारी सकाळी मुंबईत उतरू, बुधवारी संध्याकाळी हळदीला कल्याणात पोचायचं. मधला वेळ मोकळा. अर्धा कापूस विकला, अर्धा चांगल्या बाजारभावाची वाट पाहत घरातच पडलाय, तेव्हा खर्च बेतानंच.

सोबत आई (गुडघे दुखतात), बायको, मुलगा आठवीत (दिवसभर चित्रं काढतो) आणि मुलगी चौथीत (दिवसभर प्रश्न विचारते). आमच्या गावचे जे जे मुंबईला गेले ते नटांचे बंगले बाहेरून पाहून आले. मला तसं नको. माझं म्हणणं, त्या शहरानं काय जपून ठेवलंय ते पाहावं. बायकोचं म्हणणं, एवढ्या दूर जाऊन मडकी काय पाहायची. तुमचे अनुभव सांगा.

तर्रीबाज

माझं मत वहिनीले. मडकी पाह्याची तर आमच्या गावच्या कुंभाराकडं या, चाय बी भेटन.

वडाळ्याचा_वऱ्हाडी

सर्वांत आधी वारांचं गणित मांडा, नाहीतर बंद दारं पाहून परत याल. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे आतली कान्हेरी लेणीही बंद. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय, तेही सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. तुमच्या चार दिवसांत नेमके सोमवार, बुधवार दोन्ही आहेत.

सोमवारी उघडं काय? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुने लोक प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात ते.

आणि एक. तुम्ही उतरणार तेच स्टेशन जागतिक वारसा आहे, २००४ पासून. पण लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून तिकडूनच टॅक्सी धरली तर मूळ इमारत दिसतसुद्धा नाही. सामान घेऊन लोकलच्या बाजूनं बाहेर या, रस्ता ओलांडा, महापालिकेच्या इमारतीसमोर उभे राहा आणि वर पाहा. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. भिंतींवर मोर, माकडं, घोरपडी. त्यातलं पुष्कळ कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. तुमच्या चित्रकाराला वही काढायला सांगा. तिकीट शून्य.

नांगरटी

विदर्भ एक्स्प्रेस वेळेवर पोचन हे गृहीत धरून चाललेत सगळे 😄

आर्वीची_लेक

मी नर्सिंगला होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन बसायची. आधी पंख्यासाठी, मग आवडायला लागलं म्हणून. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलं. नाव तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजींचं दिलं. भाऊ दाजी म्हणजे डॉक्टर, शिवाय जुने शिलालेख वाचणारे. अजिंठ्याच्या लेखांवरही त्यांनी काम केलंय.

आत सोनेरी नक्षीचे खांब, हिरवट भिंती, आणि कपाटांत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या : शेतकरी, सुतार, कोष्टी, कुठल्या जातीची पगडी कशी, लुगडं कसं. चौथीतल्या मुलीला हेच आवडेल, लिहून देते. घाटंजीकर भाऊ, तुमच्या घरच्यांना सांगा, मडकी थोडी आहेत, माणसं जास्त आहेत.

बाहेर अंगणात दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. इंग्रजांनी तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला काढला, उचलताना तुटला, मग तुकडे जोडून इथं उभा केला. आधी हत्ती पाहा, मग बेटावर जा.

तर्रीबाज

इचीन, हत्ती गेला अन् बेट राह्यलं.

मास्तर_दारव्हा

घारापुरीबद्दल माझे दोन शब्द. सहलीला मुलं नेली की ती माकडांमागे पळतात आणि शिक्षक मुलांमागे. तेव्हा घरच्या माणसांबरोबर जाणं केव्हाही बरं.

गेटवेवरून लाँचनं तासभर लागतो. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. आईंसाठी डोली मिळते, खुर्ची बांधलेली, चार माणसं उचलतात. १५ वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही.

मुख्य लेण्यात समोरच तीन मुखांचा सदाशिव, साधारण १८ फूट उंच. लोक तिथं फोटो काढून परत फिरतात. माझी विनंती, तसं करू नका. बाजूच्या भिंतींवर एकेक कथा आहे : शिवपार्वतीचं लग्न, गंगा जटेत घेणारा शिव, अर्धनारीश्वर, कैलास हलवणारा रावण, अंधकाचा वध. आईंना एकेका भिंतीपुढे बसवा आणि ओळखायला सांगा. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आजीनं रावण आमच्याआधी ओळखला, तोंड फुटलेलं असूनही. कीर्तनं ऐकलेली बाई होती.

मुलांना आणखी एक सांगा. हे लेणं ज्या खडकात कोरलंय तो आपलाच खडक आहे. दख्खनचा बेसाल्ट. आपण विहीर खोदतो, पंधरा-वीस हातांवर काळा पाषाण लागतो, सुरुंग लावावे लागतात, तोच. त्याचाच चुरा होऊन आपली काळी माती झाली. लोणारचं विवर त्याच खडकात, अजिंठाही त्यातच. आपण ज्याला शिव्या देतो त्या दगडातून साधारण सहाव्या शतकात छिन्नी-हातोड्यानं ते चेहरे काढलेत.

नांगरटी

मास्तर, हे वाचून माझ्या अर्धवट विहिरीले लेणं घोषित कराव म्हन्तो. अनुदान भेटते काय?

पऱ्हाटी

राजेहो, एक गोष्ट कोनीच नाई बोलून राह्यलं. मुंबईत ज्या जुन्या इमारती पाह्यसाठी आपण शंभर कोस जातो, त्या उभ्या कशानं झाल्या? कापसानं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. राजाबाई टॉवरले पैसा कोनं दिला? प्रेमचंद रायचंदनं. थो कापसाचाच व्यापारी. मायच्या नावानं टॉवर बांधला. आपल्या बापजाद्यानं पऱ्हाटी पिकवली, टॉवर झाला तिकडं. अन् तथी एका पाटीवर वऱ्हाडाचं नाव नाई.

बेंबळाकाठ

पऱ्हाटी भौ, भावना पोचली, पण हिशेब जरा नीट मांडू. त्या तेजीत मुंबईत आलेला माल मुख्यतः गुजरातचा. जवळ होता, बंदरांतून यायचा. आपल्याकडं तेव्हा रेल्वे पुरती पोचायची होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंद स्वतः बुडाला. नागपूरला आगगाडी आली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर. खामगावचा फाटा १८७० चा. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये, पण देणगी तेजीतली. तेव्हा तो टॉवर थेट आपल्या कापसाचा म्हणणं जड जाईल.

नंतरचं मात्र खरं. रेल्वे आली आणि वऱ्हाडचा कापूस सरळ मुंबईच्या बंदरात जायला लागला. पुढची पन्नास-साठ वर्षं गोदी, गिरण्या, कापूस बाजार यांत आपला वाटा मोठा होता. कापूस बाजाराच्या खुणा पाहायच्या तर हॉर्निमन सर्कलला जा. आज बाग आहे, पूर्वी तिथल्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गाठी पडायच्या. पुढे तो व्यवहार कुलाब्याला हलला, मग शिवडीकडे. हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन स्टेशन आहे, बाहेर कापूस बाजाराची जुनी इमारत उभी आहे. शहरातला एकही गाईड तिकडं नेत नाही.

पऱ्हाटी

म्हंजे वाटा हाये. मी तेच म्हनून राह्यलो. टॉवर नाई तं नाई, गोदी आपली.

वडाळ्याचा_वऱ्हाडी

ह्यात भर. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला चित्रांचा आणि कलावस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलाय. त्यांचे वडील जमशेटजी. आणि जमशेटजींची एम्प्रेस मिल कुठं होती? नागपुरात, १८७७ पासून. कापूस स्वस्त आणि जवळ मिळतो म्हणून तिथं काढली होती. चीनच्या फुलदाण्या पाहताना पऱ्हाटी भौनं छाती फुगवायला हरकत नाही.

पऱ्हाटी

फुगवली.

लोणारकाठ

विषयांतर होतंय पण विचारतोच. ह्या धाग्यावरच्या किती जणांनी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय पाहिलंय? अजब बंगला. १८६३ चं आहे, म्हणजे वर ज्याला मुंबईतलं सर्वांत जुनं म्हटलं त्याच्याही आधीचं. मार्कंड्याची देवळं पाहिलीत? रामटेकचा केवल नरसिंह? भद्रावतीची विजासन लेणी? घरचं सोडून बाहेर धावायची आपल्याला हौसच. मनसरच्या उत्खननात निघालेली शिववामनाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आपल्या दहा लोकांना तरी ठाऊक आहे का?

घाटंजीकर

लोणारकाठ, अजब बंगला पाहिलाय, मार्कंडाही. विजासन राहिलंय. पण लग्न कल्याणला आहे हो, भद्रावतीला नाही.

तर्रीबाज

साळ्याले स्थळ बदलाले सांगा.

निळाई

सगळे बोलले, राजगृहाचं कोणीच काढलं नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं घर. पुस्तकांना जागा हवी म्हणून त्यांनी ते बांधून घेतलं. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहायला मिळतात. आमच्या गावातून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे पुष्कळ आहेत, पण त्या गर्दीत राजगृह नीट पाहून होत नाही. फेब्रुवारीत जाताय तर शांतपणे पाहा. वही-पुस्तकांशी दोस्ती असलेल्या मुलांना तर दाखवाच.

आणि लोणारकाठचा मुद्दा बरोबर आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. दीक्षाभूमीला जाणारे कितीतरी लोक तिथं न जाता परत येतात. दोन्ही पाहावं.

आर्वीची_लेक

+१. आणि त्याच ओघात मणिभवन. गावदेवीत आहे. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथंच उतरायचे. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह तिथून सुरू झाला. वर त्यांची खोली आहे, चरखा आहे, आणि त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेत. १९३४ नंतर ते आमच्याकडं वर्ध्यालाच आले, मग १९३६ पासून सेवाग्राम. बापूकुटीत गेलेल्या मुलांना मणिभवन दाखवलं की आधीचा अर्धा भाग जोडला जातो. जिना आहे, आईंचं पाहा.

पाणलोट

मी पाणी अडवणाऱ्यांतला माणूस, माझं मत वेगळं. चार दिवसांत एकच पाहायचं तर कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी आहेत, बहुतेक साधी, भिक्खूंच्या राहण्याची. लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि उंच बुद्धमूर्ती पाहतात. मी पाणी पाहत फिरलो. जवळजवळ प्रत्येक लेण्याला खडकात कोरलेलं टाकं आहे. वरच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी बारीक चरांनी वळवून टाक्यात आणलंय, जास्तीचं खालच्या टाक्यात. शिलालेखांत दान देणाऱ्यांनी लेण्याबरोबर पोढी म्हणजे टाकंही दान दिल्याचं कोरून ठेवलंय. व्यापारी, कारागीर, बाया, सगळ्यांची नावं आहेत. आमच्या गावात शेततळ्याला फलक लागतो तो आमदाराचा.

दगडावर मुरत नाही तिथं पाणी अडवायचं कसं, हे आपल्या पठारावरच्या माणसानं बघून यावं. प्रत्येक गावच्या पाणी समितीला न्यायला हवं.

मास्तर_दारव्हा

पाणलोट, लिहिलंत छान, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला कान्हेरीच्या उतारावर नेऊ नका. दगडी पायऱ्या झिजलेल्या आहेत, ऊन चटका देतं. तिथं डोलीही मिळत नाही.

पाणलोट

आईंना खाली बसवा, तुम्ही वर जा.

वडाळ्याचा_वऱ्हाडी

आईंना माकडांच्या हवाली करून? 🙂 शिवाय बोरिवली एका टोकाला, कल्याण दुसऱ्या. हळदीच्या दिवशी ते जमायचं नाही.

नांगरटी

मले येक सांगा, हे मोठमोठ्या म्युझियममंदी आपल्यासारख्याले कसं वाटते? मी येकदा येका शहरातल्या चित्रांच्या दालनात गेलो, धोतर घातलेला बाप सोबत. दारावरचा माणूस बापाकडं असा पाहे की जसा आम्ही काही उचलून नेतो. अर्ध्यातून निघालो.

आर्वीची_लेक

नांगरटी दादा, वाचून वाईट वाटलं. पण मुंबईत मला असं झालं नाही. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात कोणीही आत शिरतं, तिकीट नाही, पिशव्या घेऊन आलेले लोक पंख्याखाली उभे राहून चित्रं पाहतात. १९५२ पासून आहे ते. घाटंजीकर भाऊंच्या मुलाला तिथं न्याच, चित्रकार स्वतः चित्राशेजारी बसलेला असतो, पोरानं प्रश्न विचारला की खुशीनं बोलतो. शेजारीच शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथं मराठीत ऐकायचं यंत्रही मिळतं, कानाला लावून फिरायचं. बाबांना पुन्हा घेऊन जा, धोतरातच.

नांगरटी

बाप नाई आता. मायले नेतो.

लोणारकाठ

नक्की न्या, दादा. वस्तुसंग्रहालयाची इमारतही पाहण्यासारखी आहे. जॉर्ज विटेटनं आखलेली, कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. गेटवेही त्याच विटेटचं. इमारत तयार होऊनही पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली, लोकांसाठी उघडली १९२२ मध्ये. शिल्पांचं दालन तळमजल्यावरच आहे, आईंना जिना चढायला नको. मुलांसाठी आवारात २०१९ पासून वेगळं छोटं संग्रहालय आहे. (मी मुंबईच्या विरोधात नाही, हे नोंदवून ठेवा.)

तर्रीबाज

नोंदवलं. पण खाण्याचं कोनीच नाई सांगत. तथी मिसळीत फरसाण जास्त अन् तिखट कमी. घरून ठेचा न्या.

बेंबळाकाठ

राहायचं कुठं ते ठरलं का? आमदार निवासाचं पत्र मिळवायच्या भानगडीत पडू नका. माझा काका पत्र घेऊन गेला, खोलीत आधीच नऊ माणसं होती, तीही तेच पत्र घेऊन. दादर किंवा भायखळ्याजवळ साधं लॉज पाहा. आणि सकाळी नऊच्या लोकलमध्ये आईंना घेऊन चढू नका, टॅक्सीचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवा.

घाटंजीकर

मंडळी, सगळं वहीत उतरवलं. आता असं ठरवलंय :

रविवारी सकाळी स्टेशनची इमारत लोकलच्या बाजूनं, मग लॉजवर सामान, दुपारून भायखळा : दगडी हत्ती आणि मातीची माणसं. राणीच्या बागेत रविवारी जत्रा असते म्हणतात, मुलीनं हट्ट केला तर पेंग्विन. सोमवारी काळा घोडा, दिवसभर : वस्तुसंग्रहालय, जहांगीर, संध्याकाळी ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर, आणि पऱ्हाटी भौंसाठी हॉर्निमन सर्कलला एक फेरी. मंगळवारी पहिल्या लाँचनं घारापुरी. बुधवारी मणिभवन, राजगृह, आणि दादरहून कल्याण. कान्हेरी या वेळी नाही, पाणलोट दादा रागावू नका. जूनमध्ये पेरणीच्या आधी एकटा जाईन.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, लग्नाची साडी कधी घ्यायची?

आर्वीची_लेक

रविवारी संध्याकाळी दादर. भायखळ्याहून लोकलनं थोडाच वेळ. दुकानं रविवारी उघडी असतात.

पाणलोट

जूनच्या अखेरीस जा, पाऊस सुरू झाल्यावर. तेव्हा चर वाहताना दिसतात. पण मग पेरणी कोण करणार?

मास्तर_दारव्हा

घाटंजीकर, मंगळवारी डोलीचा भाव पायऱ्या चढायच्या आधी ठरवा, जायचा आणि यायचा मिळून. परतीची लाँच कधी हेही चढतानाच विचारून ठेवा. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं आहेत.

पऱ्हाटी

ठेचा नेला तं माकडाले देऊन पाहा अन् मंग सांगा.